साठीनंतर राजगड–तोरणा–रायगड: झेपेल का?

तिघे मित्र, दोघी मैत्रिणी, सगळे साठी ओलांडलेले. कॉलेजात राहून गेलेला राजगड–तोरणा–रायगड ट्रेक येत्या जानेवारीत करायचा आहे आणि झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. रोजची चालायची सवय असेल तर झेपेल. फक्त तरुण पोरं तीन दिवसांत उरकतात तसा करू नका, पाच दिवस ठेवा.

तुम्ही चढाबद्दलच सगळं विचारलंय. चढाला मी फारसा भीत नाही. दम लागला की माणूस आपोआप थांबतो. उतारावर मात्र पाय थकलेत हे घसरल्यावरच कळतं. म्हणून सरावाला आतकरवाडीतून सिंहगड चढलात तर गाडीने खाली येऊ नका, उतराही चालतच. दोन्ही हातांत काठ्या हव्यात. बूट पुढून थोडे सैल घ्या, नाहीतर नखं काळी पडतात.

पहिल्या दिवशी पाली दरवाजाच्या वाटेने राजगड चढा, पायऱ्या रुंद आहेत. गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट शेवटी अंगावर येते, ती टाळलेली बरी. दुसऱ्या दिवशी संजीवनी माची, आळू दरवाजा, मग धारेने खिंडीतल्या डांबरी रस्त्यापर्यंत. तिथून तरुण मंडळी तशीच तोरण्याच्या बुधला माचीवर चढतात. ते ऊन आणि तो घसारा दुपारी नको. खिंडीत गाडी बोलावून वेल्ह्यात मुक्काम करा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वेल्ह्यातून तोरणा चढा. शुद्धतावादी नाकं मुरडतील, मुरडू द्या.

त्याच दिवशी तोरण्याहून बुधला माचीवरून उतरून मोहरी गाव. हा दिवस लांबलचक आहे. माणशी तीन लिटर पाणी तोरण्यावरच भरून घ्या आणि वाटाड्या सोबत हवाच. ढोरवाटा इतक्या फुटतात की मोबाइलमधल्या नकाशावर विसंबून चालत नाही. सॅक उचलायलाही गावातला माणूस घ्या. त्यात कमीपणा कसला? त्याला चार पैसे मिळतात, तुमच्या गुडघ्यांवरचं ओझं कमी होतं.

खरा निर्णय मोहरीत. तोवर कुठेही कंटाळलात तर सुटायची सोय आहे: खिंडीतला रस्ता, वेल्हे, मोहरीपर्यंत येणारी गाडी. नाळेत (कड्यातून कोकणात उतरणाऱ्या घळीत) शिरल्यावर मात्र कोकणातल्या दापोली गावापर्यंत (ती समुद्राकाठची दापोली नव्हे) मधे काही नाही. बोराट्याच्या नाळेत मोठमोठे धोंडे आहेत, तुम्ही सिंगापूर नाळेने उतरा. त्याआधी सकाळी रायलिंग पठारावर जाऊन समोरचा लिंगाण्याचा सुळका बघून घ्या. ज्यांना नाळ उतरायची नाही त्यांनीही ते पठार चुकवू नये.

आता जरा नाजूक विषय. चाळीस वर्षं जुन्या दोस्तांत चिडवाचिडवी फार चालते. "काय रे, म्हातारा झालास!" हे ऐकावं लागू नये म्हणून एखादा गुडघा दुखतोय हे लपवतो आणि तोच पुढे नाळेत बसकण मारतो. त्यामुळे घरून निघण्याआधीच ठरवा: मोहरीत प्रत्येकाला विचारायचं, नाही म्हणणाऱ्याला कुणी समजावायचं नाही, आणि तो एकटा मागे राहणार नाही, सोबत एक जण गाडीने जाईल. तो कोण, हेही आधीच ठरलेलं असू द्या. वाटेत सगळ्यात सावकाश चालणारा कायम पुढे. तो मागे असला की बाकीचे विसावा घेऊन थांबलेले असतात आणि तो पोहोचला की लगेच उठतात, त्याला विसावा मिळतच नाही.

औषधांचं इथे कुणाला विचारू नका, मलाही नको. डॉक्टरांना एवढं मात्र नक्की सांगा की सलग पाच दिवस, रोज सहा-सात तास आणि तिसऱ्या दिवशी त्याहूनही जास्त चालणार आहोत. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर किंवा इन्सुलिनवर असताना इतक्या चालण्याने साखर एकदम उतरू शकते आणि लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळीने उन्हात अंगातलं पाणी कमी होतं. कोणाच्या सॅकमध्ये कोणती औषधं कुठल्या कप्प्यात आहेत, हे पाचही जणांना ठाऊक हवं.

चौथा मुक्काम दापोलीत किंवा पुढे वारंगीत. पाचव्या दिवशी रायगडवाडी आणि रायगड. जगदीश्वर, समाधी शांतपणे बघा आणि उतरायला रोपवे घ्या. शेवटची फेरी किती वाजता, हे मात्र आधीच फोन करून विचारून ठेवा.