नफ्यात चाललेली कंपनी कर्ज काढून वाढताना अचानक रोखीअभावी कशी अडकते?

नफा कागदावर असतो, हप्ता मात्र रोखीत भरावा लागतो. खरी गोम मुदतीत आहे. कारखाना किंवा जमीन पैसा परत द्यायला सात-आठ वर्षं घेते; त्यासाठी काढलेलं कर्ज मात्र अनेकदा वर्षा-दोन वर्षांचं असतं, कारण त्याचा व्याजदर कमी असतो. मुदत संपली की नवं कर्ज काढून जुनं फेडायचं. सावकार तयार आहेत तोवर हे सुरळीत चालतं.

चीनची एव्हरग्रांड ही बांधकाम कंपनी बघा. घरं बांधून होण्याआधीच विकायची, आलेला पैसा आणि कर्ज मिळून पुढची जमीन घ्यायची. ऑगस्ट 2020 मध्ये सरकारने बिल्डरांच्या कर्जावर ‘तीन लाल रेषा’, म्हणजे मर्यादा, आखल्या आणि नव्या कर्जाची वाट अरुंद झाली. देणी 300 अब्ज डॉलरच्या वर होती. मालमत्ताही प्रचंड होती, पण अर्धवट इमारत उद्याच्या हप्त्यासाठी विकता येत नाही. घाईत विकली तर भाव पडतो, पत घसरते, उरलेले सावकारही हात आखडतात. डिसेंबर 2021 मध्ये कंपनी थकबाकीदार ठरली. सगळ्यात वाईट वाटतं ते आगाऊ पैसे भरून घराची वाट बघत बसलेल्या कुटुंबांचं.

म्हणून ताळेबंद वाचताना मी नफ्याआधी बारा महिन्यांत फेडायचं कर्ज आणि हातातली रोख शेजारी-शेजारी ठेवून बघतो.