गडद गॉगल लेसरला पुरत नाही

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे. सरावात लेसर वापरतात तेव्हा त्यांना खास चष्मे घालावे लागतात. त्या काचा फिकट नारिंगी, हिरवट दिसतात. त्यापेक्षा चांगला काळाकुट्ट गॉगल बरा नाही का?

उत्तर : नाही ताई. गॉगलमधून दहातला एखादा भाग प्रकाश आत येतोच, आणि लेसरच्या बाबतीत तेवढाही फार झाला. डोळ्याचं भिंग तो किरण दृष्टिपटलावरच्या एका टिंबावर गोळा करतं. तिथे त्याची तीव्रता लाखपटीच्या घरात जाते. त्यात काळ्या काचेमागे बाहुली आणखी मोठी होते. रणगाड्यांच्या अंतरमापकांत वर्षानुवर्षं वापरलेला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा (तरंगलांबी म्हणजे प्रकाशाच्या रंगाचं माप) लेसर तर दिसतही नाही. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो, त्याचा झोत काही अब्जांश सेकंदांत संपतो.

म्हणून काच ‘ओडी’वर, म्हणजे ती किती प्रकाश अडवते त्या मापावर (ऑप्टिकल डेन्सिटी) मोजतात. ओडी ४ म्हणजे दहा हजारांतला एकच भाग आत, आणि हे फक्त ठरावीक तरंगलांबीपुरतं. बाकीचा प्रकाश यायलाच हवा, आणि खरी कसोटी तिथे आहे. मी बरीच वर्षं या काचा तपासल्या. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर अडवणारा चष्मा पहिल्यांदा घातला, तेव्हा यंत्रावरचा हिरवा दिवा विझला असं वाटून मी बटण पुन्हा दाबायला गेले. दिवा चालूच होता, काचेनं तो गिळला होता. वैमानिकासमोरच्या पडद्यावरचे आकडे बहुधा हिरवेच असतात. ते असे गायब झाले तर?

त्यावर उपाय म्हणून नेमकी लेसरच्या तरंगलांबीचीच अरुंद पट्टी परतवणारे पातळ थर काचेवर चढवतात. पण काच तिरपी धरली की ती पट्टी निळ्याकडे सरकते. समोरून अडलेला किरण बाजूनं आत येऊ शकतो. कानापर्यंत वळलेल्या चष्म्यात हे फार छळतं. पॉलिकार्बोनेटमध्ये रंगद्रव्य मिसळलं तर कोनाची अडचण येत नाही, पण संधिप्रकाशात कमी दिसतं.

माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठीच बनवलेली लेसर शस्त्रं १९९५ च्या आंतरराष्ट्रीय करारानं निषिद्ध ठरवली. अंतर मोजणारे लेसर त्यात येत नाहीत, आणि सरावात आपल्याच माणसाच्या डोळ्यात जाण्याची भीती असते ती त्यांचीच.

भावाला सांगा, चष्म्यावर लिहिलेली तरंगलांबी आणि ओडी त्या दिवशीच्या लेसरशी जुळते का ते दर वेळी बघायचं. चरा पडलेली काच परत करायची. दुर्बिणीतही फिल्टर हवाच. ७×५० ची (सातपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं) दुर्बीण जवळजवळ पन्नासपट प्रकाश डोळ्यात ओतते.