तांब्या प्लॅस्टिकचा दिसतोय? आधी खोली बांधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पितळी तांब्या आणि शेजारी पाण्याने भरलेला काचेचा पेला बनवला, सायकल्सवर, म्हणजे सीनवरून चित्र काढणाऱ्या ब्लेंडरच्याच इंजिनवर, रेंडर केला, तरी सगळं प्लॅस्टिकचं दिसतंय. मग सॉफ्टवेअर बदलू की ग्राफिक कार्ड?

दोन्ही नको. मी इंटिरियरवाल्यांसाठी रेंडर करून पोट भरतो, आणि नवीन मुलांचं काम अडतं ते बहुतेक वेळा वेगळ्याच ठिकाणी. सायकल्ससारख्या रे ट्रेसरला तांब्या कळत नाही, किरण कळतो. कॅमेऱ्याच्या प्रत्येक पिक्सेलमधून तो किरण सोडतो, किरण कशावर आपटला ते बघतो, तिथून कुठे उसळेल ते काढतो, आणि उजेडाचा उगम सापडेपर्यंत किंवा उसळ्यांची मर्यादा संपेपर्यंत हेच करत राहतो. घासलेल्या पितळेवर आपटलेला किरण उसळून थेट खोलीत जातो. म्हणजे पितळेचं म्हणून आपण जे बघतो ते खरं तर समोरची खिडकी, भिंत, टेबल असतं, पिवळी झाक घेऊन आलेलं. तुमच्या सीनमध्ये तांब्याभोवती नुसती करडी पोकळी आणि एक दिवा असेल, तर त्याने दाखवायचं काय?

संगणक-संशोधक टर्नर व्हिटेड यांचं १९८० सालचं, बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत रे ट्रेसिंगने काढलेलं प्रसिद्ध चित्र आठवा: लाल-पिवळ्या चौकटींच्या फरशीवर तरंगणारे दोन गोळे. व्हॅक्स संगणकावर त्या एका चित्राला ७४ मिनिटं लागली होती. त्यातली फरशी काढून टाका, गोळ्यांत बघण्यासारखं काही उरत नाही.

तेव्हा आधी खोली बांधा. चार भिंती, छत, एक खिडकी, खिडकीत एरिया लाइट, म्हणजे पसरट चौकोनी दिवा. कॅमेऱ्याच्या मागची भिंत लोक हमखास विसरतात, आणि तांब्याच्या पोटात नेमकी तीच दिसते. भिंत पांढरी असली तरी बेस कलर ०.८ च्या वर नेऊ नका. १.० ठेवलात तर भिंत उजेड जराही शोषत नाही आणि चित्र धुतल्यासारखं होतं. मग उत्पादनांचे फोटो काढणारे करतात तेच करा: फ्रेमच्या अगदी बाहेर, तांब्याच्या एका बाजूला काळा पुठ्ठा उभा करा, म्हणजे एक साधा काळा प्लेन. पितळेला काळी कड मिळाली की ते एकदम धातू दिसायला लागतं. पॉली हेवन या साइटवरचे एचडीआरआय, म्हणजे सीनभोवती लावायचे खऱ्या जागांच्या उजेडाचे गोल फोटो, फुकट आहेत आणि चांगलेही आहेत, पण एचडीआरआय अनंत अंतरावर असतो. एक हात अंतरावरची भिंत तो देऊ शकत नाही. खिडकीबाहेर लावायला उत्तम.

आता तांब्या. मटेरियलमधला मेटॅलिक हा आकडा सरळ १ ठेवा, ०.५ म्हणजे ना धड धातू ना धड प्लॅस्टिक. रंग फोटोतून आयड्रॉपरने उचलू नका, कारण त्या पिवळ्यात फोटोतल्या खोलीचा उजेड आधीच मिसळलेला असतो. बाकी मेहनत रफनेसवर, म्हणजे पृष्ठभागाच्या खरखरीतपणावर घ्या, आणि ती घरातला तांब्या समोर ठेवून. चिंचेने घासलेल्या तांब्यावर ओरखडे गोल फिरतात, कारण हात गोल फिरतो. गळ्याच्या खाचेत बोट पोचत नाही, तिथे काळपटपणा राहतो. ठोक्याचा तांब्या असेल, म्हणजे पुण्याच्या तांबट आळीत ज्याला माठारकाम म्हणतात तसा, तर ठोके ओळीने, वर्तुळात पडलेले असतात. वाट्टेल तसं नॉइज टेक्श्चर, म्हणजे संगणकाने केलेली अनियमित नक्षी, चिकटवलं की ते लगेच खोटं दिसतं. काठाला जाडी आणि बेव्हल, म्हणजे किंचित गोलाई द्या. जगातली कुठलीच कड शून्य जाडीची नसते, आणि ती बारीक चमकती रेघ आली नाही तर डोळा फसत नाही.

मापही तपासा. ब्लेंडरचा सुरुवातीचा ठोकळा २ मीटरचा असतो. त्यातून घडवलेला तांब्या माणसापेक्षा उंच होतो, आणि मग कॅमेऱ्याला कितीही एफ-स्टॉप (भिंगाच्या उघडझापीचा आकडा) दिला तरी जवळच्या वस्तूसारखी मागची धूसरता येत नाही.

पेल्याचं थोडक्यात सांगतो. काचेला आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पृष्ठभाग हवेत. आयओआर, म्हणजे अपवर्तनांक, काचेचा १.५, पाण्याचा १.३३. पाण्याचा मेश (थ्रीडी आकार) काचेच्या आतल्या भिंतीत किंचित घुसवा, नाहीतर मधे हवेची फट राहते आणि पाणी पाऱ्यासारखं चकाकतं.

चित्रात दाणे राहिले तर सॅम्पल्स, म्हणजे दर पिक्सेलमागे सोडलेले किरण, वाढवा, पण दाणे निम्मे करायला सॅम्पल्स चौपट लागतात. दाणे पुसणारा डिनॉइजर जरूर वापरा, फक्त जपून. वर सांगितलेले ओरखडे तो आधी पुसतो.

हे जमलं की पुढचा अभ्यास म्हणून चित्रकार सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंग चित्र घ्या; मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीच्या आड धरलेली बोटं कडेला कशी लालसर पेटलीत ते बघा. सायकल्समध्ये त्यासाठी सबसर्फेस, म्हणजे उजेड कातडीच्या आत शिरून पसरण्याची सोय, आहे, आणि तिथेही माप चुकलं की बोटं मेणाची होतात.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर पेल्याखाली टेबलावर पडणारी उजेडाची नक्षी ही सायकल्सची दुखरी बाजू आहे. तीच हवी असेल तर लक्सकोअररेंडर हे दुसरं रेंडर इंजिन लावून बघा. माउसपेक्षा कोड लिहिण्यात मजा वाटत असेल तर पॉव्ह-रे हा रे ट्रेसर आहे, जुना पण फोटॉन मॅपिंगवाला, म्हणजे अशी नक्षी काढू शकणारा, आणि तोही फुकट. ग्राफिक कार्डाचे पैसे मात्र सध्या खिशातच राहू द्या. नव्या कार्डावर हाच तांब्या असाच दिसेल, फक्त लवकर. तोवर चाचणीचे रेंडर २५ टक्के रेझोल्यूशनवर काढा. प्रकाशयोजना चुकली असेल तर तेवढ्यातही कळते.