चरखा नाही, सूत कातता येत नाही; मग मेंढीच्या लोकरीचं आसन घरी विणता येईल का?

तुम्ही विचारलंय की नाशिकला फ्लॅटमध्ये राहून मेंढीच्या लोकरीची पलंगाशेजारी टाकायची जाड पट्टी स्वतः विणायची आहे, तर माग कुठला, लोकर कुठून आणि किती. सूत कातण्याची भीती वाटते, असंही लिहिलंय.

जमेल. मी आतापर्यंत सात विणली, त्यातली पहिली दोन पाहुण्यांना दाखवत नाही. सूत कातायचंच नाहीये. खुंट्यांच्या मागावर लोकर न कातता तशीच विणतात. घोंगडीशी मात्र तुलना करू नका. घोंगडीला लोकर पिंजा, सूत काता, ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ द्या आणि मग खड्डामागावर पाय सोडून बसा. घोंगड्या विणणाऱ्या सनगरांच्या घरात ते काम पोरं बघत बघत मोठी होतात. त्यापुढे आपलं हे म्हणजे भातुकली. पण डिसेंबरात सकाळी फरशीवर पाय टेकवायच्या आधी ही पट्टी पायाखाली आली की बरं वाटतं.

माग म्हणजे अडीच फुटांची जाड लाकडी पट्टी, तिच्यात एकेक इंचावर भोकं आणि भोकांत उभ्या राहणाऱ्या वीतभर खुंट्या. प्रत्येक खुंटीच्या खालच्या टोकाला दोरा जाईल एवढं आडवं छिद्र. दोन फूट रुंदीला 24 खुंट्या पुरतात. जुन्या नाशकातल्या एका सुताराने मला हे अर्ध्या दिवसात करून दिलं, वर "याच्यावर काय वाळत घालणार?" हेही विचारलं. खुंट्या सागाच्या घ्या. मी हुशारी करून आधी बांबूच्या केल्या होत्या. त्यांची कुसं लोकरीत अडकून बसली आणि अख्खी संध्याकाळ पॉलिश पेपर घासण्यात गेली.

खुंटीतून जाणारा दोरा सुती, चांगला पिळाचा हवा. तीन फूट लांबीसाठी प्रत्येक खुंटीला आठ फूट दोरा, मधोमध दुमडून, म्हणजे सगळा मिळून साठ मीटरच्या आसपास. येवल्याच्या भाच्याची संक्रांतीची आसारी, म्हणजे पतंगाचा मांजा गुंडाळायची फिरकी, घरात पडून होती, तिच्यावरच गुंडाळून घेतला. मांजा आधी काढलाय ना, हे तेवढं बघा.

आता लोकर. सिन्नरच्या पुढे पुणे रस्त्याला, सुगी झाल्यावर शेतात धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट पडलेले तळ, बसलेले दिसतात. शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरं बसवून घेतात. कातरणी वर्षातून दोनदा होते. मी गेलो ते दिवाळीनंतरचे दिवस होते. वाड्यावरच्या मामांना लोकर विकत हवी म्हटल्यावर ते हसलेच. "भाऊ, इकत कशाला? न्या पोतं भरून. आता कोन इचारतंय लोकरीला?" दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ, अंगात घालायच्या कपड्याला चालत नाही, आणि घोंगडीची जागा गिरणीच्या ब्लँकेटने कधीच घेतली. कातरायची मजुरी अंगावर आणि घेणारा कोणी नाही, असा त्यांचा हिशोब. मी पैसे दिलेच, तुम्हीही द्या. फुकट मागून आणायची वस्तू नाही ती.

निवडायची कशी ते त्यांनीच दाखवलं. लोकरीची एक बट घेतली, दोन्ही टोकं चिमटीत धरून कानाजवळ नेली आणि झटका दिला. टण्णकन आवाज आला तर चांगली. मधेच फिसकन तुटली तर जनावर आजारी पडलेलं असतं नाहीतर चाऱ्याला मुकलेलं, ती घ्यायची नाही. शेपटीकडची आणि पोटाखालची घेऊ नका, तिच्यात लेंड्या चिकटलेल्या असतात.

दोन बाय तीन फुटांच्या पट्टीला मला धुतलेली लोकर दोन किलोच्या आसपास लागली. एका मेंढीची एका कातरणीत अर्धा किलोही निघत नाही, आणि धुतल्यावर माती-घाण जाऊन वजन घटतं. म्हणजे तुमच्या पायाखाली पाच-सहा मेंढ्या तरी आल्याच.

खरं काम धुण्यात आहे. विणण्याला दोन दिवस, धुण्याला आठवडा. आधी हाताने कुसळं आणि गोखरू वेचा. चष्मा लावून, रेडिओ लावून, घाई न करता. मग टबात गार पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी तळाला बोटभर रेती बसलेली दिसेल. ते पाणी झाडांना घाला. मोरीत ओतलंत तर जाळी तुंबते, आमची तुंबली आणि घरात दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. पुढे कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून त्यात लोकर नुसती दाबायची. चोळायची नाही, पिळायची नाही, गरमातून एकदम गारात टाकायची नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकून घट्ट गोळा होतो. जेन, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेली बैठक, करणारे मुद्दाम हेच करतात, पण आपल्याला जेन नको आहे. आपल्याकडच्या लोकरीत तेलकटपणा कमी, म्हणून रिठा दोन पाण्यांत पुरतो.

वाळवायला गच्चीवर जुनी मच्छरदाणी पसरा. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात धरूनही हाताला कोरडी लागते. भिजत घोंगडं का म्हणतात ते मला तेव्हा कळलं. वाळली असं वाटल्यावर आणखी एक दिवस ठेवा.

विणताना सुरुवातीचा इंचभर जुन्या सुती साडीच्या चिंध्या घाला, म्हणजे लोकर खाली घसरत नाही. मग लोकरीचा अंगठ्याएवढा जाड पेळू, म्हणजे न कातलेली लांब वळी, ओढायचा, त्याला हलकासा पीळ द्यायचा आणि एका खुंटीच्या पुढून, दुसरीच्या मागून असा नेत राहायचा. टोकाला वळून परत. आपली लोकर आखूड असल्याने पीळ दिला नाही तर पेळू हातातच सुटतो. संपला की पुढचा त्याच्यावर वीतभर चढवून चालू करा, गाठ मारायची नाही. खुंट्या भरल्या की एकेक उपसून लोकर खाली दोऱ्यावर सरकवायची आणि खुंटी परत भोकात. सरकवल्यावर बोटांनी घट्ट दाबा. माझी पहिली पट्टी इथेच बिघडली. दिसायला गुबगुबीत होती, पण दाबलीच नव्हती, महिन्याभरात आरपार फरशी दिसायला लागली. शेवटी दोरे खुंटीजवळ कापून शेजारच्याशी गाठी मारा, दुसऱ्या टोकालाही तसंच.

रंगवू नका. काळी, करडी, पांढरी अशीच सुंदर दिसते. काळ्या लोकरीची टोकं उन्हाने तांबूस झालेली असतात आणि विणल्यावर तो तांबूसपणा मधूनमधून डोकावतो.

सुरुवातीला केस गळतात, झटकत राहा. पावसाळ्यात कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागते, तेव्हा ऊन पडेल त्या दिवशी दोन्ही बाजूंनी तापवून घ्या. धुवायची वेळ आली तर दोरीवर टांगू नका, ओल्या वजनाने दोरे ताणून पट्टी वाकडी होते.

आणि वाड्यावर जाताना पोती दोन न्या, काळी एकात, पांढरी दुसऱ्यात. मी एकाच पोत्यात कोंबून आणली आणि दसपट वेळ वेगळी करण्यात घालवला.