एक्सेलमध्ये तुझा रकाना कुठे आहे?

“ताई, मी 31 वर्षांची, बीडीएस. सिंहगड रोडला माझा छोटा दवाखाना आहे, त्याला चार वर्षं झाली. नवरा चाकणला मेकॅनिकल डिझाईनमध्ये आहे, येत्या मार्चमध्ये 33 चा होईल. मुलगा चार वर्षांचा. बाहेर जायचं हे दोघांचं ठरलंय, कुठे ते ठरत नाही. नवऱ्यानं एक्सेल केलंय: जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पगार, कर, पीआर (कायमचा वास्तव्य परवाना), शाळा, हवा, सगळ्याला गुण. जर्मनी पहिली येते. तो म्हणतो, ‘तुझं तिथे गेल्यावर बघू, डेंटल चेअर विकून टाकू, हप्ते फिटलेच आहेत.’ मला ते पटत नाही, आणि का पटत नाही तेही सांगता येत नाही. आई सदाशिव पेठेत एकटी असते, मी एकुलती एक. ‘जा गं, माझं काय,’ म्हणते. पण परवा गेले तर तिनं माझं जुनं कपाट आवरायला काढलं होतं. कुठे जावं आम्ही?”

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या एक्सेलपाशी अडले. इतके रकाने, आणि ‘ही पुन्हा पेशंट कधी बघायला लागेल’ असा एकही नाही. तुला पटत नाही ते मला वाटतं हेच. नवऱ्याच्या मनात काही वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. त्याच्या कामात पदवी आणि अनुभव बॅगेत भरून नेता येतो. कंपनीत डिझाईन करायला सहसा कुणी परवाना मागत नाही. दातांच्या डॉक्टरला मात्र या तिन्ही देशांत परवाना नव्यानं मिळवावा लागतो. तो मिळेपर्यंत तू बीडीएस असलीस तरी डेंटिस्ट नाहीस. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणजे तुझी दोन, तीन, कधी चार वर्षं.

मी हे ‘बघू’ जगले आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे परदेशी गेलो तेव्हा माझं बी.एड. तिथे चालत नाही हे मला पोचल्यावर कळलं. घर छान होतं, पैशांची चणचण नव्हती. पण मुलीला शाळेत सोडून आले की नऊ ते तीन मला कुणी काही विचारायचं नाही. तीन वर्षं. त्याचा राग मी नंतर कितीतरी काळ नवऱ्यावर काढला, आणि तो बिचारा विचारत राहायचा की माझं चुकलं काय.

म्हणून मी उलटं सुचवते. दोघांत ज्याचा परवाना अवघड, देश त्याच्याकडून निवडायला घ्यायचा.

तसं पाहिलं तर मी आधी ऑस्ट्रेलियाचा विचार करेन. तिथे परदेशी डेंटिस्टला ऑस्ट्रेलियन डेंटल कौन्सिलच्या तीन पायऱ्या चढाव्या लागतात: कागदपत्रांची छाननी, लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक. पहिल्या दोन भारतात राहून, दवाखाना चालू ठेवून होतात. प्रात्यक्षिकाला मेलबर्न गाठावं लागतं. फी जड आहे, परीक्षा कठीण आहे. पण सगळं इंग्रजीत आहे आणि एकदा नोंदणी झाली की ती देशभर चालते. आता व्हिसाच्या गुणांकडे बघ, तिथला कायमचा व्हिसा वय, शिक्षण, इंग्रजी अशा गुणांवर मिळतो. 25 ते 32 वयाला 30 गुण, 33 लागलं की 25. किमान 65 लागतात, बोलावणं बहुतेक त्याहून वरच्यांना येतं. नवऱ्याचे पाच गुण मार्चमध्ये जाणार, म्हणून त्याची घाई मला समजते. पण मुख्य अर्जदार तूही होऊ शकतेस! डेंटिस्ट त्यांच्या यादीत आहेत, आणि जोडीदाराचं कौशल्य आणि इंग्रजी त्यांच्या निकषात बसलं तर त्याचे 10 गुण वेगळे मिळतात. अर्थात त्यासाठी आधी तुझ्या परीक्षा पार पडायला हव्यात. तुमच्या एक्सेलमध्ये ही शक्यता कुणी मांडलेली दिसत नाही.

जर्मनीबद्दल नवऱ्याचं गणित त्याच्यापुरतं बरोबर आहे. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, 27 महिन्यांत कायमचा वास्तव्य परवाना मिळू शकतो, जर्मन भाषा बी1 या मधल्या पातळीपर्यंत नेली तर 21 महिन्यांत. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला जाण्याआधी जर्मन येण्याची अट नाही आणि नोकरीची मुभा पहिल्या दिवसापासून असते. पण ही मुभा डेंटिस्ट म्हणून नाही. त्यासाठी आप्रोबात्सिओन नावाचा परवाना लागतो, तो ज्या त्या राज्याकडून मिळतो. पदवी त्यांच्या तोडीची ठरली नाही तर ज्ञानाची परीक्षा, आणि सी1 या बरीच वरच्या पातळीच्या जर्मनमध्ये पेशंटशी आणि सहकाऱ्यांशी बोलण्याची वेगळी परीक्षा. मधल्या काळासाठी तात्पुरता परवाना मिळतो, जास्तीत जास्त दोन वर्षांचा, पण त्यालाही भाषा हवीच. पुण्यात जर्मन शिकायची ददात नाही, बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट. तरी दवाखाना सांभाळून सी1 ला दोन वर्षं सहज जातील. आणि नवऱ्यानं आपल्याच क्षेत्राकडे जरा डोळसपणे बघावं. फोक्सवॅगन या मोटार कंपनीनं डिसेंबर 2024 मध्ये कामगार संघटनेशी जो करार केला त्यात 2030 पर्यंत 35,000 हून जास्त जागा कमी करायचं ठरलं आहे. चाकणच्या माणसाला याचा अर्थ मी सांगायला नको.

कॅनडा मी तुमच्यासाठी मागे ठेवेन. तिथे वयाचे गुण तिशीपासूनच दर वर्षी घटतात, 2025 साठी पाच लाख लोकांना पीआर द्यायचं ठरलं होतं ते 3 लाख 95 हजारांवर आणलं, आणि डेंटिस्टच्या परीक्षांचा डोंगर तिथेही आहेच.

आता आई. तिला कायमचं बोलावून घेऊ, हे कोणत्याही देशाच्या भरवशावर तिला सांगू नकोस. ऑस्ट्रेलियात आईवडिलांच्या साध्या व्हिसाची रांग तीस वर्षांच्या घरात आहे, भरपूर पैसे भरून मिळणारी रांगही दहा वर्षांवर गेलेली. जर्मनीनं मार्च 2024 पासून कुशल कामगारांच्या आईवडिलांसाठी दार थोडं उघडलं, पण आधी आरोग्यविमा दाखवावा लागतो आणि उतारवयात गाडी तिथेच अडते. कॅनडाच्या सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या भेटीच्या व्हिसावर, एका वेळी पाच वर्षं राहता येतं. या बाबतीत तो देश उजवा. आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही, घड्याळात दिसते. जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन ते साडेचार तास मागे, मेलबर्न साडेचार ते साडेपाच तास पुढे. दोन्हीकडून आईच्या संध्याकाळच्या चहाला फोन होऊ शकतो. टोरांटो साडेनऊ-साडेदहा तास मागे: ती चहा घेते तेव्हा तिथे सकाळची डबा-शाळेची धावपळ. रोजच्या फोनवर जगणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा असतो.

पण हे सगळं आईला न विचारता चाललंय, ते मला खटकतं. ‘जा गं’ हे तिनं तुझ्यासाठी म्हटलं. तिला स्वतःला काय हवंय? वर्षातून तीन महिने तुझ्याकडे, की पेठेतलं तिचं घर, तिच्या मैत्रिणी आणि रात्री सोबतीला कुणीतरी? तब्येत बिघडली तर पहिला फोन कुणाला जाणार? तुझं गाव ठरायच्या आधी या प्रश्नांची उत्तरं ठरू देत.

आणि खुर्ची विकायची नाही. एखादी नवी बीडीएस मुलगी आतापासून दवाखान्यात घे, पेशंटना तिची सवय होऊ दे. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी चालू ठेव. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढायला टाक, कुठेही गेलात तरी लागणारच, आणि वेळ तिथेच जातो. सहा महिने लेखी परीक्षेचा अभ्यास करून बघ. झेपतंय की नाही ते तुला इथे, आपल्या घरात बसून कळेल. त्या एक्सेलमध्ये पहिला रकाना तुझ्या परवान्याचा घाल आणि दोघांनी मिळून गुण पुन्हा द्या.

कपाटाचं म्हणशील, तर या रविवारी मुलाला नवऱ्याजवळ ठेवून एकटी आईकडे जा आणि ते तिच्यासोबत आवर. काय ठेवायचं, काय द्यायचं, तिला ठरवू दे. मधेच ती बोलायला लागेल.

तुझी,
ताई