लिलावातली गाडी: नुसतं ‘क्लीन टायटल’ बघून भुलू नकोस

अरे, अमेरिकेत टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) क्लीन, म्हणजे त्यावर नुकसानीचा शिक्का नाही, म्हणून गाडी धडधाकट, असं नसतं. विमा कंपनीने गाडी ‘टोटल लॉस’ (दुरुस्ती परवडणार नाही इतकी खराब) ठरवली की सहसा टायटलवर ‘सॅल्व्हेज’चा (मोठं नुकसान झालेली गाडी) शिक्का बसतो. पण स्वतःच्या गाडीचा विमाच नसलेल्या मालकाने ती ठोकली, तर कागद कोराच राहू शकतो. सॅल्व्हेज गाडी दुरुस्त होऊन तपासणीतून गेली की तिचं टायटल ‘रिबिल्ट’ (दुरुस्त केलेली) होतं, तरी पूर्ण विमा द्यायला बऱ्याच कंपन्या का-कू करतात. आधी १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून एनएमव्हीटीआयएसचा (देशभरातल्या टायटलांच्या सरकारी नोंदींचा) रिपोर्ट काढ. दुसऱ्या राज्यात नवं टायटल काढून पुसलेला शिक्का तिथे बहुधा सापडतो. मी एकदा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर आतल्या टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ! म्हणजे गाडी पुरात बुडालेली. टायटल क्लीनच होतं. तशी गाडी फुकट मिळाली तरी सोड बाबा, वायरिंग आतून गंजत जातं.