संगणकाच्या स्पीकरचा आवाज फार कमी येतो; वेगळे साउंड कार्ड घ्यावे का?

आपण लिहिले आहे की, डेस्कटॉपला यूएसबीवर चालणारे दोन छोटे स्पीकर जोडलेले आहेत, विंडोजमधला आवाज शंभरावर नेला तरी पंखा चालू असताना चित्रपटातले संवाद नीट ऐकू येत नाहीत, आणि दुकानदाराने मदरबोर्डवरचा साउंड ‘वीक’ झाल्याचे सांगून साउंड कार्ड बसवायला सुचवले आहे. माझे मत आधीच सांगतो : कार्ड इतक्यात घेऊ नका. संगणक-दुरुस्तीच्या कामात ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते, आणि निव्वळ कार्ड बसवून ती मिटल्याची उदाहरणे थोडीच आहेत.

साउंड कार्डचे काम संगणकातल्या अंकरूपी ध्वनीचे विद्युत संकेतात रूपांतर करण्याचे आहे. हा संकेत फार तर एक-दोन व्होल्टचा असतो, आणि त्याला स्पीकरचा पडदा हलवण्याइतकी ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्या डब्यातच बसवलेला असतो. मदरबोर्डवरची चिप पुरेसा संकेत देत असेल, तर तिच्याऐवजी महागडे कार्ड लावूनही पुढचा अ‍ॅम्प्लिफायर तेवढाच राहतो आणि आवाजही तेवढाच राहतो. म्हणून पहिला प्रश्न असा की, आवाज नेमका कुठे अडतो आहे?

त्यासाठी स्पीकरची ३.५ मिलिमीटरची पिन संगणकातून काढून हेडफोनचे भोक असलेल्या मोबाइलला लावा, यूएसबीची वायर मात्र आहे तिथेच राहू द्या, आणि तेच गाणे मोबाइलवर पूर्ण आवाजात वाजवून पाहा. मग उलट करा, म्हणजे संगणकाच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये साधा हेडफोन लावा. मोबाइलवरही स्पीकर मंदच वाजले आणि हेडफोनमध्ये संगणकाचा आवाज खणखणीत आला, तर दोष स्पीकरचा आहे. मोबाइलवर स्पीकर दणदणीत वाजले आणि हेडफोन मंद राहिला, तर संगणकाकडे वळायचे. हेडफोनमध्ये वाद्ये ऐकू येतात पण गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा दूर जातो, असे झाले तर पिन पूर्ण आत गेलेली नाही किंवा तिचा ग्राउंडचा, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना सामाईक असलेल्या तारेचा, संपर्क सुटला आहे. अशा वेळी डाव्या आणि उजव्या बाजूंमधला फरक तेवढा कानावर येतो, आणि गायकाचा आवाज बहुधा दोन्हींत सारखाच मिसळलेला असल्याने तो वजा होतो. जॅकमध्ये धूळ साचली असेल, तर संगणक बंद करून ती हवेने उडवावी.

दोष संगणकाकडे निघाला, तर सेटिंग तपासल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून ‘व्हॉल्यूम मिक्सर’ उघडा; मुख्य आवाज शंभरावर असतानाही एखाद्या ब्राउझरची पट्टी तिसावर अडकलेली असू शकते. नंतर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘साउंड’मध्ये ‘कम्युनिकेशन्स’ हा टॅब पाहा. संगणकावरून कॉल चालू झाल्याचे वाटले की इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याची सोय तिथे असते, तिथे ‘डू नथिंग’ निवडावे.

आपल्या तक्रारीत मला सर्वांत बोलकी वाटली ती संवादांची गोष्ट. चित्रपटाचा ध्वनी ५.१ प्रकारचा, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरसाठी वेगवेगळ्या वाहिन्यांत विभागलेला, असला की संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असलेल्या वाहिनीत असतात. विंडोजमध्ये चुकून ५.१ स्पीकर निवडलेले असतील आणि प्रत्यक्षात दोनच असतील, तर पार्श्वसंगीत जोरात येते आणि माणसे मात्र पुटपुटतात. ‘प्लेबॅक’ टॅबमध्ये आपला स्पीकर निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा आणि ‘स्टिरिओ’ करा. त्याच स्पीकरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘एनहान्समेंट्स’खाली ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ दिसत असेल तर तेही चालू करून पाहा. त्यामुळे हळू आणि मोठ्या आवाजांतले अंतर कमी होते. संगीताच्या शौकिनांना ते रुचत नाही, पण संवादांसाठी ते कामाचे आहे. हा पर्याय दिसतच नसेल, तर मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ऑडिओ ड्रायव्हर (आवाजाची चिप चालवणारे सॉफ्टवेअर) घेऊन टाकावा.

आता स्पीकरविषयी, कारण माझा खरा संशय तिथेच आहे. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतो, आणि त्यात दोन्ही स्पीकर भागवायचे असतात. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची वाढ लागते. ती या पोर्टमधून येणे शक्यच नाही. आवाजाची खुंटी फिरवताना खरखर होत असेल, तर तिच्यात काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून ती अनेकदा इकडून तिकडे फिरवावी. त्याने काही स्पीकर सुधारतात. नाहीतर थेट विजेवर चालणारी जोडी घ्यावी. घेताना खोक्यावर ठळक छापलेला ‘पीएमपीओ’चा आकडा वाचूच नका, तो निव्वळ जाहिरातीचा असतो. ‘आरएमएस’ वॅट, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकेल अशी खरी शक्ती, किती ते विचारा. एका खोलीला दोन्ही मिळून दहा-वीस खरे वॅट पुष्कळ होतात.

मग कार्ड कोणी घ्यावे? ज्याचा मदरबोर्डवरचा जॅक तुटला आहे किंवा चिपच गेली आहे, माउस हलवला की ज्याच्या स्पीकरमधून किरकिर ऐकू येते, ज्याच्याकडे २५० किंवा ३०० ओहमचे, म्हणजे जास्त रोधाचे आणि वाजवायला जास्त व्होल्ट लागणारे हेडफोन आहेत, किंवा ज्याला चांगल्या माइकवर ध्वनिमुद्रण करायचे आहे, त्याने जरूर घ्यावे. जॅक किंवा चिप गेली असेल, तर काहीशे रुपयांचे यूएसबी साउंड कार्ड पुरते. त्यासाठी संगणक उघडावाही लागत नाही. आतले पीसीआय एक्सप्रेस कार्डच घ्यायचे ठरले, तर मदरबोर्डवर मोकळा स्लॉट आहे का आणि ग्राफिक्स कार्डाने तो झाकला तर नाही ना, हे आधी पाहून घ्या, आणि बसवल्यावर विंडोजमध्ये नव्या कार्डाला ‘डिफॉल्ट’ करायला विसरू नका; नाहीतर आवाज जुन्याच जॅकमधून येत राहील.